रजा, फर्लो आणि मधले दिवस

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘फर्लो’ हा शब्द आज चंद्रपुरात कानावर पडतो तो बहुधा तुरुंगाच्या संदर्भात. शिक्षा भोगणाऱ्या कैद्याला ठरावीक काळ उलटल्यावर काही दिवस घरी जाऊ देतात, ती फर्लो. सरकारी मराठीत तिला ‘संचित रजा’ असे भारदस्त नाव आहे. ज्या कारागृहाच्या कचेरीत हा शब्द आज कागदावर लिहिला जातो, त्याच तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी फाशी दिली. त्या काळी चांद्यात फर्लो हा शब्द होता, पण तो कैद्यांसाठी नव्हता. फर्लो म्हणजे साहेबाची विलायतेची सुटी. घोडा विकायचा, बंगल्यातले सामान लिलावात काढायचे, हाताखालच्या माणसाकडे किल्ल्या द्यायच्या आणि नागपूरची वाट धरायची. दोन-तीन वर्षांनी परत आले तर आले.

शब्द मूळचा डच. इंग्रजांनी तो लष्करात घेतला आणि लष्कराबरोबर तो आपल्याकडे आला. आपला ‘रजा’ हा शब्द अरबी-फारसीतून आलेला, आणि त्याचा मूळ अर्थ आहे संमती, परवानगी. ‘सुटी’ मात्र आपली घरची, ‘सुटणे’ या क्रियापदातून आलेली. म्हणजे सुटी ज्याची त्याची असते, रजा मात्र कोणीतरी द्यावी लागते. हा फरक नुसता शब्दांचा वाटेल, पण पुढे जे सांगायचे आहे ते बरेचसे याच फरकाभोवती फिरते.

कमी खर्चात परदेश कसा पाहावा, याची माहिती देणारे लोक आता गल्लोगल्ली भेटतात. सहल कंपन्यांच्या जाहिराती रविवारच्या पानापानांवर असतात. त्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की जाणाऱ्याला कायम नोकरी आहे, त्याच्या खात्यावर रजा जमा आहे आणि परत आल्यावर त्याची खुर्ची तिथेच आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मात्र फार मोठा वर्ग असा आहे की तो ठेक्यावर काम करतो. वीज केंद्राच्या शटडाऊनला लागणारा फिटर आणि वेल्डर, कोळसा खाणीतल्या ठेकेदाराचा ऑपरेटर, सिमेंट कारखान्यातला सुपरवायझर, अकरा महिन्यांच्या आदेशावर काम करणारा आरोग्य कर्मचारी, तासिका तत्त्वावर शिकवणारा प्राध्यापक. एक ठेका संपतो, दुसरा सुरू व्हायचा असतो, आणि मध्ये महिना-दीड महिना मोकळा पडतो. अशा माणसाला त्या मधल्या दिवसांत समुद्रापलीकडचा एखादा देश पाहून यावासा वाटला, तर? प्रश्न आजचा आहे. त्याची मुळे मात्र दोनशे वर्षे मागे जातात.

ईस्ट इंडिया कंपनीने १७९६ साली आपल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या फर्लोचे नियम ठरवले. दहा वर्षे नोकरी केली की तीन वर्षे विलायतेला जाता येत असे. ऐकायला मोठे औदार्य वाटते. पण त्या वेळी आफ्रिकेला वळसा घालून जहाज जाई, एका बाजूचा प्रवास चार ते सहा महिन्यांचा. जाण्या-येण्यातच वर्ष संपायचे. शिवाय विलायतेला गेलेल्या माणसाची इथली नेमणूक जात असे, तिच्याबरोबरचे भत्तेही जात. मूळ पगार तुटपुंजा, खरी कमाई भत्त्यांची. त्यामुळे पुष्कळांना फर्लो परवडतच नसे.

यावर त्या लोकांनी काढलेला तोडगा मला नेहमी गमतीचा वाटतो. कंपनीच्या नियमांत पूर्वेची हद्द केप ऑफ गुड होपपर्यंत धरलेली होती. आजारपणाची रजा घेऊन त्या हद्दीच्या आत राहिले, तर नेमणूक टिकायची आणि पगारही बराचसा चालू राहायचा. मग काय, प्रकृती बिघडलेले आणि बिघडल्यासारखे झालेले कितीतरी साहेब केपला जाऊन राहू लागले. तिथे हवा थंड, द्राक्षे भरपूर, राहणे स्वस्त. तिथल्या लोकांनी या गोऱ्या पाहुण्यांना नाव ठेवले होते ‘इंडियन्स’! खिशाकडे पाहून परदेशची सुटी आखण्याचा हा आपल्या देशाच्या इतिहासातला बहुधा पहिला मोठा संघटित प्रकार. तिकिटाचा दर पाहून नव्हे, तर नियमातली रेघ पाहून ठिकाण निवडले जायचे. १८५० च्या दशकात नियम बदलले, विलायतेला गेले तरी नेमणूक राखता येऊ लागली, आणि केपची ती वर्दळ ओसरली.

त्याच सुमारास, १८५४ मध्ये, नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे आला. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. इथली जंगले, जमिनी, गावे मोजायला जे अधिकारी आले ते तरुण होते, एकटे होते आणि तापाने बेजार होते. पाऊसकाळ आणि त्यानंतरचा हिवताप यांनी त्यांच्यापैकी अनेकांना खिळखिळे केले. कॅप्टन जेम्स फोर्सिथ हे नाव जंगलाची आवड असणाऱ्यांना माहीत असेल. मध्य प्रांताच्या जंगलांची पाहणी करून त्याने जे पुस्तक लिहिले ते आजही वाचले जाते. ते लंडनमध्ये १८७१ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी लंडनमध्येच फोर्सिथ वारला. तिशी नुकतीच ओलांडलेली होती.

१८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला आणि सगळे गणित बदलले. त्याआधी दोन वर्षे मुंबईची रेल्वे नागपूरला पोहोचली होती. १८७१ मध्ये वरोऱ्याला कोळशाची सरकारी खाण सुरू झाली आणि तिच्यासाठी पुढच्या काही वर्षांत वर्ध्याहून फाटा आला. म्हणजे चांद्याच्या साहेबाला वरोऱ्यापर्यंत आले की गाडी मिळू लागली. तिथून मुंबई, मुंबईहून बोट. महिने जाऊन आठवडे आले. पुढे वर्षाला एक महिना हक्काची रजा साठवून तीन महिन्यांची विलायतवारी करण्याची पद्धत पडली. त्या खाणीतून कोळसा काढणाऱ्याच्या वाट्याला मात्र कसलीच रजा नव्हती. वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद पडली.

आता त्याच काळातल्या आपल्या माणसांकडे वळू. जंगलातल्या कामाला रजा नसते, हंगाम असतो. तेंदूपत्त्याचा हंगाम एप्रिलअखेरीस सुरू होतो आणि मे महिन्यात काही आठवड्यांत आटोपतो. पहाटे जंगल गाठायचे, दुपारी घरी बसून सत्तर पानांचा एक असे पुडे बांधायचे, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायचे. बांबूची तोड हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. पाऊस पडला की जंगलाचे काम बंद आणि धानाचे सुरू. दोन कामांच्या मधले दिवस इथेही होते, पण ते सुटीचे नव्हते. ते पोटाला चिमटा घेण्याचे होते, घर शाकारण्याचे होते, लग्नाचे होते. आठवडी बाजारापलीकडचा प्रवास म्हणजे मार्कंड्याची महाशिवरात्रीची जत्रा किंवा चांद्याच्या महाकालीची चैत्रातली यात्रा. मोकळा वेळ आणि हातातला पैसा यांची गाठ फार थोडे दिवस पडे, तीही तेंदूचे पैसे हाती आल्यावर.

समुद्र ओलांडणारा गरीब माणूस त्या काळी होता. त्याच्यासाठी समुद्रप्रवास आणि ठेका या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. १८३४ पासून मॉरिशसला मजूर जाऊ लागले, मुंबई बंदरातून कोकणातले आणि आसपासचे मराठी लोकही गेले. करारनाम्याला इंग्रजीत ‘ॲग्रीमेंट’ म्हणतात, मजुरांच्या तोंडी त्याचे ‘गिरमिट’ झाले. फिजीला गेलेल्यांची गिरमिट पाच वर्षांची होती. परतीचे फुकट तिकीट हवे असेल तर आणखी पाच वर्षे, म्हणजे एकूण दहा वर्षे तिथे काढावी लागत. साहेबाला दहा वर्षांनी तीन वर्षांची रजा, मजुराला दहा वर्षांनी घरी जाण्याची मुभा. मॉरिशसमध्ये राहिलेल्या त्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. आपली नवविवाहित जोडपी तिथल्या समुद्रकिनाऱ्यांवर फोटो काढून येतात, तेव्हा ऊस लावण्यासाठी त्याच बेटाचे दगड उचलणाऱ्यांत आपलेही लोक होते, हे सहसा कोणी त्यांना सांगत नाही.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज अधिकारी महागाईने वैतागले. विलायतेहून नव्या भरतीला तरुण मिळेनात. मग लॉर्ड ली यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १९२४ मध्ये आला. त्याने शिफारस केली की वरिष्ठ सेवेतल्या अधिकाऱ्याला नोकरीच्या काळात विलायतेचे चार परतीचे प्रवास सरकारी खर्चाने द्यावेत, बायकोलाही तितकेच द्यावेत, मुलांना प्रत्येकी एक एकेरी. अट अशी, की त्याचे मूळ घर आशियाबाहेरचे असावे! त्याच पदावरचा, त्याच परीक्षेतून आलेला हिंदी अधिकारी त्या सवलतीत बसत नव्हता. खर्च मात्र हिंदुस्थानच्या तिजोरीतून. स्वतःच्या पैशाने जाणारे लोक, गोरे आणि काळे दोन्ही, पी. अँड ओ. कंपनीची महागडी बोट टाळून अँकर लाइनची धिमी बोट पाहत, किंवा इटालियन लॉइड ट्रिएस्टिनोच्या बोटीने मुंबईहून इटलीचे बंदर गाठून पुढे रेल्वेने जात. स्वस्त विमान कंपनी आणि मध्ये दुसऱ्या विमानतळावर आठ तास ताटकळणे, ही आजची युक्ती तशी जुनीच म्हणायची.

ठेक्याची नोकरी, शिलकीतला पैसा आणि परदेश या तिन्ही गोष्टी एका माणसाच्या आयुष्यात जशा एकत्र आल्या, तसे उदाहरण मला दुसरे सापडत नाही. ते सुटीचे नाही, शिक्षणाचे आहे. पण हिशेब तोच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा दिली होती. म्हणजे घड्याळ चालू होते. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली. जागा तात्पुरती, पगार महिना ४५० रुपये. तो काळ पाहता रक्कम मोठी होती. त्यांनी राहणी बदलली नाही, परळच्या चाळीतच राहिले आणि पैसे बाजूला टाकले. मार्च १९२० मध्ये नोकरी सोडली. शिलकीत कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज मिळवले, आणि जुलै १९२० मध्ये ते लंडनला निघाले.

लंडनमधला त्यांचा काटकसरीचा दिनक्रम चरित्रकारांनी नोंदवून ठेवला आहे. सकाळी घरमालकिणीने दिलेली तुटपुंजी न्याहारी, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, रात्री भूक लागली की मित्राने दिलेले पापड. घरी रमाबाई ओढग्रस्तीत संसार चालवत होत्या, या काटकसरीचा अर्धा भार त्यांच्यावर होता. हे आपण सांगताना बहुधा विसरतो. १९२३ मध्ये ते परतले आणि त्याच वर्षी त्यांना डी.एस्सी. मिळाली. प्रबंधाचा विषय होता रुपयाचा प्रश्न, म्हणजे रुपयाचे मोल परदेशी चलनाच्या तुलनेत कसे ठरावे हा. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत सामान्य भारतीय माणसाचा परदेशप्रवास नेमका याच प्रश्नावर अडणार होता.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेले, त्यांची फर्लो गेली. आता आपण मोकळे, असे वाटले असेल. पण १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची तीव्र टंचाई झाली आणि नुसते हिंडायला परदेशी जाणे जवळजवळ बंद पडले. तिकीट काढायचे तर रिझर्व्ह बँकेचा ‘पी फॉर्म’ मंजूर व्हावा लागे. मंजुरीसाठी कारण लागे, आणि ‘देश पाहायचा आहे’ हे कारण धरले जात नसे. साठच्या दशकात परदेशी निघालेल्याला तीन पौंड, पुढे आठ डॉलर, एवढेच सोबत नेता येत. आठ डॉलर घेऊन माणसे न्यूयॉर्कच्या विमानतळावर उतरली. त्यांच्या गोष्टी परदेशस्थ मराठी घरांत अजून सांगितल्या जातात. पासपोर्ट हीही सरकारची मर्जी होती. सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल १९६७ रोजी सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात परदेशी जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे असे म्हटले, तेव्हा कुठे त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला.

‘अपूर्वाई’ १९६० मध्ये आणि ‘पूर्वरंग’ १९६३ मध्ये पुस्तकरूपाने आले. पु. ल. देशपांडे तेव्हा आकाशवाणीत होते आणि बीबीसीत दूरचित्रवाणीचे शिक्षण घ्यायला विलायतेला गेले होते, म्हणजे त्यांचाही प्रवास कामाला जोडलेलाच. ही पुस्तके घराघरांत पोचली याचे श्रेय त्यांच्या लेखणीला आहेच. पण माझ्या मते त्यात पी फॉर्मचाही थोडा हात आहे. जाता येत नव्हते, म्हणून लोक वाचत होते.

गंमत अशी की, ज्या काळात आपल्याला बाहेर जाता येत नव्हते, त्याच काळात बाहेरचे तरुण अगदी थोड्या पैशांत आपल्या जिल्ह्यात येत होते. बाबा आमटे १९५१ मध्ये वरोऱ्याजवळच्या झुडपी, दगडाळ जमिनीवर आनंदवन उभारायला गेले. १९५० च्या दशकातच ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ या संघटनेचे निरनिराळ्या देशांतले स्वयंसेवक तिथे आले आणि अंगमेहनत करून त्यांनी इमारती उभ्या केल्या. पिएर सेरेसोल या स्विस शांततावाद्याने ही संघटना १९२० मध्ये काढली. महायुद्धाने उद्ध्वस्त झालेले एक फ्रेंच गाव पुन्हा बांधायला मदत करणे हे तिचे पहिले काम. तत्त्व साधे होते. तुम्ही श्रम द्या, यजमान जेवण आणि निवारा देतील. पगार नाही. शिक्षण संपलेले, नोकरी लागायची असलेले, किंवा एक काम सोडून दुसरे धरायच्या आधीचे तरुण अशा शिबिरांना जात. युरोपात ती रूढ पद्धत होती. हॉटेल नाही, फिरणे थोडे, आणि त्या देशातली माणसे मात्र जवळून पाहायला मिळायची, ज्यांच्याकडे त्यांचे शेजारीसुद्धा पाहत नव्हते अशी. साठच्या दशकाच्या अखेरीपासून मूल तालुक्यातल्या सोमनाथला मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरू लागली, तीही याच जातीची. तिथे मुंबई-पुण्याची मुले आली. आपली मुले उलट्या दिशेने परदेशातल्या श्रमशिबिरांना फारशी गेली नाहीत. पी फॉर्म होता, आणि कुदळ मारायला पोराला विलायतेला पाठवायचे ही कल्पना आपल्या मध्यमवर्गाच्या पचनीही पडली नसती.

ऐंशीच्या दशकात काही वर्षांतून एकदा पाचशे डॉलर मिळू लागले. १९९१ च्या आर्थिक बदलांनंतर चलनाची बंधने एकेक करून सुटली. १ जून २००० पासून जुन्या परकीय चलन नियमन कायद्याची जागा ‘फेमा’ने घेतली. २००४ पासून तर वर्षाला २५ हजार डॉलर कारण न सांगता बाहेर नेण्याची मुभा मिळाली, ती मर्यादा पुढे कितीतरी वाढली. आठ डॉलरांपासून इथवर यायला चाळीस वर्षे लागली.

याच काळात आपला जिल्हाही बदलला. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा झाला. १९८३ मध्ये चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला. बल्लारपूरची कागद गिरणी होतीच, सिमेंटचे कारखाने आले, नव्या खाणी उघडल्या. सुरुवातीच्या कायम नोकऱ्यांची जागा हळूहळू ठेक्याने घेतली. आणि इथे पुन्हा तो जुना शब्द येतो, रजा.

१९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे वर्षात २४० दिवस काम भरले, तर पुढच्या वर्षी दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळायची. २४० दिवसांना बारा दिवस. आता असा एक फिटर समजा, ज्याने एका ठेकेदाराकडे दीडशे दिवस काम केले, ठेका संपल्यावर महिनाभर घरी बसला आणि दुसऱ्या ठेकेदाराकडे पुन्हा दीडशे दिवस केले. तीनशे दिवस घाम गाळला. कायदा म्हणतो दिवस कारखान्यात मोजा. पण हजेरी असते ठेकेदाराच्या मस्टरवर, आणि दोन मस्टरांची बेरीज कोणी करत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या, त्यांत २४० ची अट १८० वर आली. आपल्या या फिटरचे दीडशे आणि दीडशे तरीही बाहेरच राहतात. एक गोष्ट मात्र त्याला कोणीतरी सांगायला हवी. काम संपवून कामगार बाहेर पडतो तेव्हा भरलेल्या दिवसांच्या प्रमाणातला रजेचा पगार त्याला द्यावा, ही तरतूद जुन्या कायद्यातही होती आणि नव्या संहितेतही आहे. शेवटच्या हिशेबाच्या कागदावर ती ओळ आहे की नाही, हे सहीच्या आधी पाहावे. फिरायला जाण्याचा खर्च काढायचा तो याच्यातून, शिलकीतून. भविष्य निर्वाह निधीला हात लावून कोणी परदेश पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पैसे जमले, वेळ आहे. मग अडते कुठे? युरोपातल्या बहुतेक देशांच्या व्हिसासाठी जी कागदपत्रे मागतात, त्यांत बँकेचे खाते, प्राप्तिकराचे विवरण यांच्याबरोबर मालकाचे रजा मंजूर केल्याचे पत्र असते. त्या पत्रावरून हा माणूस परत येईल असे ते धरतात. ज्याच्याकडे रजा आहे त्याला ते पत्र मिळते, मात्र वेळ मोजका असतो. ज्याच्याकडे महिनाभर वेळच वेळ आहे, त्याला ते पत्र द्यायला कोणी नाही. आधीचा ठेकेदार म्हणतो, तू आता माझा माणूस नाहीस. पुढचा म्हणतो, अजून झालेला नाहीस. केपला जाणारा साहेब नियमातली रेघ पाहून देश निवडत होता, ठेक्यावरच्या माणसालाही तेच करावे लागते.

त्याच्यासाठी रेघ दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे सरकते. व्हिसाचे नियम सारखे बदलतात, म्हणून तिकिटाआधी दूतावासाची सूचना पाहावी हे उत्तम. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने आणि त्याच वर्षीच्या १ डिसेंबरपासून मलेशियाने भारतीयांना व्हिसाची अट माफ केली, तेव्हा पुष्कळांनी पहिल्यांदा समुद्र ओलांडला. कागद म्हणजे पासपोर्ट, परतीचे तिकीट, राहण्याची सोय आणि खर्चापुरते पैसे. मालकाचे पत्र त्यांत नव्हते. पासपोर्ट मात्र ठेका चालू असतानाच काढून ठेवावा. पोलीस पडताळणी, पत्त्याचा पुरावा यांत दिवस जातात, आणि मधल्या महिन्यातले दिवस त्यावर घालवणे महागात पडते. २०१७ पासून टपाल कार्यालयांत पासपोर्टची केंद्रे निघू लागल्याने प्रत्येक कामाला नागपूर गाठण्याची वेळ आता पूर्वीइतकी येत नाही.

आपल्या भागातला सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त परदेश मात्र विमानाने गाठावा लागत नाही. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षेचा सोहळा केला. पुढच्याच महिन्यात ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले, तो त्यांचा शेवटचा परदेशप्रवास. त्यानंतर आपल्याकडची माणसे लुंबिनीला जाऊ लागली. कोणी पेन्शनीतून, कोणी शेतीच्या पैशातून, कोणी काम सुटल्यावर आणि पुढचे लागायच्या आधी. पुष्कळ घरांत ‘परदेश पाहिलेला पहिला माणूस’ म्हणजे लुंबिनी करून आलेली आजी असते. तिच्याकडे पासपोर्ट कधीच नव्हता. १९५० च्या भारत-नेपाळ करारानंतर ही सरहद्द आपल्या नागरिकांना मोकळीच राहिली आहे. रस्त्याने जाणाऱ्याला व्हिसा लागत नाही, ओळख पटवायला मतदार ओळखपत्र चालते.

बल्लारशाहला राप्तीसागर एक्स्प्रेस धरली की ती नागपूर, भोपाळ, झाशी, लखनौ करत थेट गोरखपूरला नेते. गोरखपूरहून सुमारे शंभर किलोमीटरवर सोनौली. तिथे बसमधून उतरायचे, सामान घेऊन कमानीखालून पायी पलीकडे जायचे. पलीकडून लुंबिनीला जायला पुन्हा बस किंवा जीप. तिथे अशोकाचा स्तंभ आहे, १८९६ मध्ये जमिनीतून बाहेर काढलेला, त्याच्यावरचा ब्राह्मी लेख अजून वाचता येतो. भारतीय रुपयाला नेपाळी एक रुपया साठ पैसे हा दर १९९३ पासून ठरलेला आहे, त्यामुळे हिशेब बोटांवर होतो. दिवाळीनंतर जावे, हवा चांगली असते. पाऊसकाळात गोरखपूरकडचा सखल भाग पाण्याखाली जातो, आणि मे महिन्यात तिथे चंद्रपूरसारखेच ऊन असते.